नमस्कार करणारं चाक

गंगम्माला लातुरात सगळे अक्का म्हणायचे, आणि जपून म्हणायचे. अंगाने बुटकी, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, जिभेला धार अशी की लाकूड मशीनवर घालायचीही गरज पडू नये. औसा रोडला तिची लाकडाची वखार होती. नवरा मलप्पा वारला तेव्हा बाईमाणसाने या धंद्यात पडू नये, असं नातेवाइकांनी एकमुखाने सांगितलं. तिने त्यांना पोटभर जेवू घातलं, एसटीत बसवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीचं कुलूप स्वतःच्या हाताने उघडलं. लाकडावर दोन टिचक्या मारून ते आतून किडकं की धड, हे ती अचूक सांगायची. माणसंही आपल्याला तशीच कळतात असं तिला वाटायचं, पण तिथे ती पुष्कळदा तोंडावर आपटायची.

वखारीचा जीव म्हणजे आरा मशीन. बिडाची दोन मोठी चाकं, एक जमिनीलगत आणि एक डोक्याच्या वर, आणि दोन्हींवरून ताणून बसवलेला दातेरी पोलादी पट्टा. खालचं चाक ऑइल इंजिनवर फिरायचं, वरचं पट्ट्यामागे निमूट फिरायचं.

बहात्तरच्या दुष्काळात या मशीनला उसंत नव्हती. मळ्यांतले आंबे उभ्याउभ्या वाळले होते. आजोबांनी लावलेलं झाड गाडीत घालून माणसं वखारीत आणत आणि चिरताना तोंड फिरवून उभी राहत. गावाची चूल विझत चाललेली आणि आपली मात्र पेटलेली, हे गंगम्माला सोसेना. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होती. मशीनवर लाकूड सोडणाऱ्या सटवाजीने आपल्या गावच्या मारुतीचा शेंदूर आणला होता. गंगम्माने तो तेलात कालवला, स्टुलावर चढली आणि मूठभर गोळा वरच्या चाकाच्या आतल्या कडेला थापला. म्हणाली, "देवा, लोकांच्या रडण्यातलं लाकूड आता पुरे. हसत आणलेलं दे."

सासू कुरकुरली, की आपल्यात भस्माचा मान, हे शेंदराचं खूळ कुठून काढलंस? "घरात भस्म, वखारीत शेंदूर," गंगम्मा म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

पुढच्या सालीही तिने त्याच जागी मूठभर शेंदूर चढवला. तिसऱ्या खंडेनवमीला मात्र आक्रीत घडलं. पुसायला म्हणून पट्टा उतरवला, तर वरचं चाक कुणी हात न लावता हळूच वळलं आणि शेंदराचा देव नेमका खाली, गंगम्माच्या हाताशी येऊन थांबला. सटवाजीने टोपी काढली. गंगम्माच्या डोळ्यांना धार लागली. "बघा, माझी उंची कमी, म्हणून देव खाली येऊन राहिला!" मग दर साली तेच होऊ लागलं, आणि ती गोष्ट स्वतःजवळ ठेवील ती गंगम्मा कसली! गल्लीतल्या बायका नारळ घेऊन यायच्या. पट्टा उतरला, चाक वळलं, की हात जोडायच्या. चाक नमस्कार करतं, असं औशापर्यंत लोक म्हणायचे. गंगम्मा दर साली जुन्या थरावर नवी मूठ चढवायची, आणि त्या दिवशी तिचा तोरा बघण्यासारखा असायचा.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. नवी कचेरी, नवे साहेब, आणि साहेब म्हटला की टेबल आलंच. जो तो सुतार फळ्यांसाठी धावत सुटला. गंगम्माने जुनं इंजिन काढून विजेची मोटर बसवली, म्हणजे चाक दुपटीने पळेल आणि काम उरकेल.

चाक पळालं खरं. पण वेग घेतला की मशीन अंगात आल्यासारखं थरथरायला लागलं. छपराचे पत्रे खडखडायचे, फळीवर लाटा उठायच्या. एका सुताराने फळीवरून हात फिरवला आणि विचारलं, "अक्का, ही फळी हाय का छपराचा पत्रा?" तो गेला तो परत आला नाही. बाकीचेही एकेक करून दुसरीकडे वळले.

त्यातच धाकटा दीर शिवलिंग आला. वखारीत निम्मा वाटा त्याचा. माणूस वाईट नव्हता, पण जिल्हा झाल्यापासून त्याला रस्त्याकडेच्या प्रत्येक जागेत दुकानांची रांग दिसायची. "वैनी, उदगीरचे संगप्पा कापडवाले जागा मागून राहिलेत. दसऱ्यापर्यंत मशीन नीट चाललं तर ठीक. न्हाईतर विकून टाकू. तुम्ही आमच्या घरी या, आरामात बसून खावा."

बसून खावा! गंगम्माला शिवी दिली असती तरी एवढी लागली नसती. दिराच्या घरातली मागची खोली तिच्या डोळ्यांपुढे आली. तिथे लसूण सोलत बसायचं, आणि कुणी विचारलं तरच बोलायचं. मलप्पा गेल्यावर या वखारीनेच तिला उभं ठेवलं होतं. वखार गेली की आपण जिवंत असून नसल्यासारख्या, हे तिला स्वच्छ कळत होतं. ती शिवलिंगला म्हणाली, "बसायचं असंल तर तुम्ही बसा. दसऱ्याला बघू."

मोटर बसवणारा भीमाशंकर फिटर रोज येऊ लागला. त्याने नटबोल्ट आवळले, पाया उकरून पुन्हा भरला, बेरिंगं बदलली, पट्ट्याचा सांधा नव्याने जोडला. थरथर जागच्या जागी. सटवाजीचं मत वेगळं होतं. "अक्का, देवाला वीज मानवली न्हाई. कोपला हाय."

खंडेनवमीची वाट न बघता गंगम्माने देवाला चांगला दोन मुठी शेंदूर चढवला. दुसऱ्या दिवशी मशीन असं हादरलं की भिंतीवरचा मलप्पाचा फोटो खाली आला.

त्या दिवशी भीमाशंकरने पट्टाच उतरवून ठेवला आणि नुसतं खालचं चाक मोटरवर पळवलं. मशीन हूं की चूं करेना.

"अक्का, मोटर बी चांगली, खालचं चाक बी चांगलं. दुखणं वर हाय," तो म्हणाला. "हळू चालवलं तर गप, जोरात चालवलं तर नाचतंय. म्हंजे वरचं चाक एका अंगाला जड हाय. पर बिडाचं चाक कारखान्यातून तोलूनच येतंय. एका अंगाला वजन येईलच कसं?" बोलता बोलता त्याने वरचं चाक हाताने ढकललं आणि सोडलं. चाक फिरलं, थोडं मागेपुढे हिंदकळलं आणि देव खाली येऊन थांबला.

सटवाजीचे हात जोडले गेले. भीमाशंकरचेही. गंगम्माचेही निघाले होते, ते वाटेतच थांबले.

ती पुढे झाली. स्टुलावर चढून तिने शेंदूर वर नेला आणि हात सोडला. चाक वळलं, शेंदूर खाली. डावीकडे नेऊन सोडला. खाली. उजवीकडे नेला, तरी खाली. बाजारात तराजूचं भरलेलं पारडं जसं निमूट खाली बसतं, तसंच.

गंगम्मा स्टुलावरच बसली. आपण किती बायकांना किती मीठमसाला लावून सांगितलं, ते सगळं तिला आठवलं आणि कानशिलं तापली. लाज वाटली, सपशेल लाज वाटली. सटवाजीकडून हळूच तो शेंदूर काढून घेता आला असता, वर बेरिंगवर खापर फोडून मोकळंही होता आलं असतं. पण गुपचूप काही करणं गंगम्माच्या रक्तातच नव्हतं.

"सटवाजीमामा, पटाशी आणा. शेंदूर खरवडायचाय."

सटवाजी दोन पावलं मागे सरला. "अक्का, देवाची खोळ हाय ती. आपल्या वक्ताला देव आपणहून टाकतोय, माणसानं काढू न्हाई. हात झडतील."

"झडले तर माझे झडतील. लावला मी, काढीन बी मीच. आणा पटाशी."

भाकरीएवढा रुंद आणि विटेएवढा जाड थर बसला होता. ढलपे तिच्या पदरात पडू लागले, आणि पदर असा खाली ओढला गेला की तिला एका हाताने तो धरून ठेवावा लागला. शेंदूर एवढा जड असतो, हे दर साली मूठमूठ लावणाऱ्या हाताला कधी जाणवलंच नव्हतं. सगळ्यात तळचा थर काळपट निघाला, दुष्काळाच्या सालचा. तो काढताना तिला रडू फुटलं. "देवा, तुझं काय बी चुकलं न्हाई," ती चाकाकडे बघत म्हणाली. "मीच तुला नको तिथं बसवलं."

चाक पुसून लख्ख केलं. भीमाशंकरने फिरवून सोडलं, तर ते एकदा इथे थांबलं, एकदा तिथे. पट्टा चढवला. सगळे मागे सरले. गंगम्माने बटण दाबलं, चाकाने वेग घेतला, आणखी घेतला, आणि पत्रा वाजायची वाट बघत तिघंही वर बघत राहिले. पत्रा वाजला नाही. किनवटचं सागवान सटवाजीने पुढे सरकवलं आणि पट्टा त्यातून सुरीसारखा निघाला. गंगम्माने फळीवर तळवा फिरवला, मग उलटा हात फिरवला, मग गालच लावला.

"अक्का, कुसळ लागंल!" सटवाजी ओरडला.

"लागू दे!" ती म्हणाली आणि खदखदून हसली.

खरवडलेला शेंदूर सटवाजीने मांजरा नदीत नेऊन सोडला, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. खंडेनवमीला बायका नारळ घेऊन आल्या. गंगम्माने मशीनला भस्माची तीन बोटं ओढली आणि सगळ्यांना मोठ्याने सांगून टाकलं, की बायांनो, चाक नमस्कार करत नव्हतं, माझ्या शेंदराच्या ओझ्यानं वाकत होतं. काही जणी तोंडाला पदर लावून हसल्या. पंचफुलाबाई रुसल्या. "मग आता नारळ कुणापुढं फोडावं?"

"मशीनपुढंच फोडा. आता कुठं ते ताठ उभं राहिलंय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिवलिंग संगप्पांना घेऊन जागा दाखवायला आला. सकाळीच कचेरीच्या टेबलांसाठी तीन सुतार येऊन बसले होते. मशीन चालू होतं, गंगम्मा फळ्या मोजून देत होती. शिवलिंगने मशीनच्या खांबावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग एक फळी उचलून डोळ्यासमोर धरली आणि तिच्या धारेवरून लांबवर नजर टाकली. सुताराच्या हाती देईपर्यंत ती त्याने खाली ठेवली नाही.

संगप्पा पावलांनी जागेची लांबी मोजत होते. "मग काय ठरवायचं, शिवलिंगआप्पा?" त्यांनी विचारलं.

"कशाचं?"

"जागेचं."

शिवलिंग त्या वखारीला जन्मभर दादाची वखार म्हणत आला होता. तो म्हणाला, "ही वैनीची वखार हाय. चालती वखार कुणी विकतं व्हय?"

गंगम्माला ते स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी तिने मशीन बंद करायला लावलं, हातातली फळी खाली ठेवली आणि म्हणाली, "भावजी, ऐकू न्हाई आलं. काय म्हणलात?" आणि सटवाजी, तीन सुतार आणि संगप्पांसमोर तिने त्याला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.