आधी मुखपृष्ठ, मग गोष्ट

इन्शिराहबाईंना किळस यायला फार काही लागत नसे. छापखान्यातल्या डिंकाचा वास, ट्राममध्ये कुणीतरी थुंकलेली बियांची टरफलं, आणि ‘तिचे ओठ गुलाबाच्या पाकळ्यांसारखे होते’ हे वाक्य. हे वाक्य त्यांनी स्वतःच किती वेळा लिहिलं होतं देव जाणे. लिहून झालं की साबणाने हात धुऊन यायच्या.

अलेक्झांड्रियात मुहर्रम बे भागात आमचा छापखाना. खिशात मावतील अशी गोष्टींची पुस्तकं आम्ही काढायचो. भुतांची, पोलिसांची, प्रेमाची आणि विनोदाची, अशा चार मालिका. भुतांच्या पुस्तकांवर एका डॉक्टरचं नाव असे, पोलिसांच्या पुस्तकांवर एका निवृत्त अधिकाऱ्याचं, प्रेमकथांवर कुणा कोवळ्या मुलीचं, विनोदावर एका काकांचं. ही चौघंही म्हणजे कस्टममध्ये टायपिस्ट म्हणून नोकरी केलेल्या, विधवा, जाड चष्म्याच्या इन्शिराहबाई. सकाळी खून पाडून दुपारी त्या लग्न लावून द्यायच्या. मी त्यांचा मजकूर कंप्युटरवर पानांत बसवायचे, म्हणून पहिली वाचक मीच.

वाचक डॉक्टरला पत्रं लिहायचे, पाठदुखीवर औषध विचारायचे.

“काय कळवू, उस्ताझा?” मी एकदा विचारलं. बाईंना आम्ही सगळे आदराने उस्ताझा, म्हणजे गुरुबाई, म्हणायचो.

“कळव, आमच्या भुतांना पाठच नसते. दुखलीच तर मानेखाली काही आहे का ते आधी बघा म्हणावं.”

आमच्याकडे मुखपृष्ठ आधी छापून येई. रंगीत छपाई कैरोत व्हायची आणि एकदम भरपूर छापली तरच परवडायची. तिथला चित्रकार मनाला येईल ते काढायचा आणि मालक ते चित्र इन्शिराहबाईंसमोर टाकायचे. चित्रात सिंह असला की गोष्टीत सिंह आणायचा, मग ती गोष्ट दातांच्या दवाखान्यातली का असेना.

त्या वसंतात उस्ताझ शोहदी, म्हणजे आमचे मालक, टेबलावर वर्तमानपत्र पसरून फसीख खात बसले होते. ती खारवून कुजवलेली मासळी. खोलीत श्वास घेणं कठीण झालं होतं. त्याच बोटांनी त्यांनी नवं मुखपृष्ठ पुढे सरकवलं. लिफ्टचं उघडं दार, दारात मोकळ्या केसांची बाई, अंगात लाल गाऊन, तोही अर्धा घसरलेला. मागे एका पुरुषाची सावली आणि सावलीच्या खांद्यावर कबूतर.

इन्शिराहबाईंनी चित्र पाहिलं आणि खुर्ची मागे ओढली.

“हे कुणी सांगितलं काढायला?”

“मीच. अख्ख्या मोहल्ल्याच्या तोंडी आहे ते, उस्ताझा. तुमच्याच इमारतीतलं. तुम्हाला तर घरबसल्या मसाला!”

त्यांच्या इमारतीत महिन्याभरापूर्वी एकोणीस वर्षांची अशगान मेली होती. पाव घेऊन आली, चौथ्या मजल्यावर एका म्हातारीला द्यायचे दिले, खाली यायला लिफ्टचं दार उघडलं आणि पाऊल टाकलं. लिफ्ट तिथे नव्हतीच. दार नुसतंच उघडायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरमालक हाज बसयूनी यांनी दुरुस्तीऐवजी दाराला एक पुठ्ठा लटकवला होता, तो केव्हाच गळून पडला होता. पोलिस आले तेव्हा हाजने सांगितलं की पोरगी गच्चीवर कबूतरवाल्याकडे जायची, घाबरून पळताना पडली. पोरगीच वाईट म्हटल्यावर लिफ्टबद्दल कोण विचारतो? तळमजल्यावर तिची आई, उम्म अशगान, भिंतीकडे तोंड करून पडून होती. मुलगी गेलीच, आता तिचं नाव तेवढं उरलं होतं आणि लोक तेही चघळत होते.

“मी नाही लिहिणार,” इन्शिराहबाई म्हणाल्या.

“नका लिहू. सरवत लिहील. दोन रात्रींत देईल.” मालकांनी मासळीचा काटा दातातून ओढून काढला. “मुखपृष्ठं छापून झालीत. ती काय मी समुद्रात फेकू?”

सरवत काय लिहील हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्याच्या गोष्टींत बाई मरायच्या आधी तिचे कपडे फाटायचे.

इन्शिराहबाईंनी मुखपृष्ठ दोन बोटांत, मेलेला उंदीर उचलावा तसं उचललं. “द्या इकडे. मीच लिहिते.”

चार दिवसांनी मजकूर आला. पानं लावता लावता मी एकटीच हसत सुटले. सुरुवात भुताची होती. लिफ्टमध्ये लाल गाऊनमधलं भूत दिसतं, अख्खी इमारत भीतीने गारठते, सोन्याचा दात असलेला टकलू घरमालक ताईत बांधून फिरतो. आणि शेवटी भूत पकडलं जातं तर ती निघते घरमालकाचीच बायको! गच्चीवर कबूतरवाल्याला भेटायला जाणारी. अख्ख्या गोष्टीत मेलेली मुलगी कुठेच नव्हती. गाऊन होता, सावली होती, कबूतर होतं. मालकांना चित्राविरुद्ध एक शब्द काढायला जागा नव्हती.

“उस्ताझा, कमाल केलीत!” मी म्हणाले.

“कमाल कसली? घाण एका दारातून उचलली आणि दुसऱ्या दारात टाकली.” पण हसल्या त्याही.

पुस्तक हातोहात खपलं. मोहल्ल्याने टकलूत हाजला लगेच ओळखलं, कारण सोन्याचा दात त्याच्याशिवाय कुणाला नव्हताच. कॉफीच्या दुकानात माणसं मांड्या थोपटून म्हणू लागली, “अरे, म्हणजे गच्चीवर ह्याची बायको जायची होय! आणि नाव त्या गरीब पोरीचं घेतलं, बघ हाज किती बेरकी!” काल अशगानला तिथे डोळ्यांनी पाहिलं म्हणणारे आज हाजच्या बायकोला डोळ्यांनी पाहिलं म्हणत होते. डोळे तेच. पोलिसांनी पुन्हा येऊन लिफ्टचं नादुरुस्त दार पाहिलं. उम्म अशगान उठून बसली. तिने कुणाकडून तरी पुस्तक वाचून घेतलं, मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा हसली आणि इन्शिराहबाईंकडे भरलेल्या पानकोबीचं ताट पाठवलं; पुस्तकावर नाव डॉक्टरचं असलं तरी लिहितं कोण हे इमारतीला ठाऊक होतं.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ताट तसंच झाकलेलं होतं.

“घशाखाली उतरत नाही,” त्या म्हणाल्या. “नफीसाला बघितलंस कधी?”

नफीसा म्हणजे हाजची बायको. गुडघे सुजलेली, जाडजूड. कित्येक वर्षांत ती गच्चीवर चढली नव्हती. हे सगळ्या इमारतीला माहीत होतं आणि कुणाला आठवत नव्हतं. हाजने तिला मारलं होतं. भिंतीपलीकडून इन्शिराहबाईंनी ऐकलं होतं.

“लोकांना गोष्ट आहे हे कळतं, उस्ताझा,” मी उगाच म्हणाले.

“लोकांना काही कळत नाही. म्हणून तर आपलं पोट भरतं.”

तेवढ्यात बाहेर जिन्यावर धप्प आवाज झाला. आम्ही दार उघडलं. नफीसा एक मोठी बॅग पायरीपायरीने ओढत उतरत होती. डोळ्याखाली निळं पडलेलं. दमनहूरला भावाकडे निघाली होती. हाजने घराबाहेर काढलं होतं. प्रत्येक मजल्यावर बायका दारात उभ्या, ओढण्या तोंडाला लावून.

इन्शिराहबाई सपाता न घालताच धावल्या आणि बॅगेचा दुसरा बंद धरला. नफीसाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“अगं, मी रचलंय ते!” दुसऱ्या मजल्यावर त्या ओरडल्या. “सगळं खोटं आहे! हिचा गुडघा बघा, ही चढेल का गच्चीवर?”

“तुला असं म्हणावंच लागणार बाई,” एक जण म्हणाली. “शेजारी राहायचंय ना.”

“लाल गाऊन कबूल, पण गुडघा कुठे लिहिला होतास?” दुसरी म्हणाली, आणि जिनाभर खसखस पिकली.

तळमजल्यावर उम्म अशगान उंबऱ्यात उभी होती. इन्शिराहबाई थांबल्या. “तू तरी सांग यांना. तुझ्यावर हेच गुदरलंय. तुला ठाऊक आहे हिने काही केलेलं नाही.”

उम्म अशगान नफीसाकडे वळली.

“माझ्या पोरीबद्दल हिचा नवरा बोलत होता,” ती म्हणाली, “तेव्हा ही कुठल्या पायरीवर उभी राहून खोटं आहे म्हणाली होती?”

आणि दार लावून घेतलं.

नफीसाने बॅग उंबऱ्याबाहेर ओढली. बाहेर टॅक्सी उभी होती. इन्शिराहबाईंनी बॅग डिकीत ठेवायला उचलली, तर नफीसाने ती काढून घेतली. डोक्यावरच्या ओढणीचं टोक पुढे ओढलं, जिथे इन्शिराहबाईंचा हात लागला होता तो बंद त्या टोकाने नीट, सावकाश पुसला, आणि मगच स्वतःच्या हाताने धरला.