बोंबीलची शू आणि माझी अब्रू

आमच्या लालबागच्या इमारतीत मागच्या वर्षी एकाचा लघवीवरचा ताबा सुटला होता. तो मी नव्हे. (हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की आता माझी बायको सुषमासुद्धा ते ऐकून सहानुभूतीने मान हलवते.)

ताबा सुटला होता बोंबीलचा. बोंबील म्हणजे आमचा कुत्रा. मच्छीबाजाराच्या मागे सापडला तेव्हा एवढा सुका होता की माझ्या आईने बघताक्षणी नाव ठेवलं. पुढे आमच्या घरचं खाऊन तो हलवा माशासारखा रुंद झाला, पण नाव काही सुटलं नाही.

तर एका सकाळी गल्लीत एक टेम्पो रिव्हर्स घेत होता. मागे येताना त्यातून एक पिपाणीसारखी धून वाजायची. ती ऐकून बाकीची कुत्री पळाली. आमचं गाणंवेडं मात्र शेपूट हलवत ऐकत उभं राहिलं! धक्का बसला तो थेट कमरेला.

"हाड शाबूत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मणक्याला मार लागलाय. मागचे पाय आणि लघवी, दोन्हीवरचा ताबा गेलाय."

"परत येईल ना हो?" सुषमाने विचारलं.

"सूज उतरली की येईल. कदाचित."

त्या 'कदाचित'पायी त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. आईने तळलेली सुरमई झाकून ठेवून दिली. मालवणी घरात सुरमई झाकून ठेवणं म्हणजे काय, हे मालवणी माणसालाच विचारा.

डॉक्टरीणबाईंनी कामं नेमून दिली. रोज दवाखान्यात आणून पायांचे व्यायाम करायचे, आणि लघवीची पिशवी स्वतःहून रिकामी होत नाही, नुसती गळत राहते, म्हणून पोट दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून ती आपण रिकामी करायची. त्यांनी टेबलावर करून दाखवलं तेव्हा हे काम टूथपेस्ट काढण्याइतकं सोपं वाटलं. घरी आल्यावर मी बाह्या सरसावल्या. सुषमाने टब धरला. आई सोफ्यावर पंचासारखी बसली.

"दाबा," सुषमा म्हणाली.

"दाबलं."

"अहो, ते जेवणाचं पोट आहे! त्याने ढेकर दिली!"

"जरा मागे दाब, झिला," आई ओरडली. "आणि हळू! ता काय भाकरीचा पीठ आसा?"

मी मागे सरकलो, डोळे मिटले आणि दाबलं. धार लागली! पण टबाच्या दिशेने नव्हे. माझ्या शर्टाला खिसा आहे हे मी त्या क्षणापर्यंत विसरलोच होतो. बोंबीलने अत्यंत प्रेमाने माझा कान चाटला. बिचाऱ्याला वाटलं, आम्ही दोघं मिळून काहीतरी नवीन खेळतोय.

हळूहळू माझा हात बसला. (ऑफिसात लोक सुट्टीत शिकलेल्या गिटारबद्दल सांगायचे, तेव्हा मी गप्प बसायचो.) पण दोन वेळांच्या मधली गळती काही थांबेना. आणि इथेच आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तावडे आडवे आले.

तावडे माणूस सज्जन, पण लिफ्टवर त्यांचा पोटच्या पोरीइतका जीव. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हापासून तिच्या आरशावर कोणाचं बोट उठलेलं त्यांना खपत नाही. मागच्याच सभेत त्यांनी माझ्याकडे बघत जाहीर केलं होतं, "लिफ्टमध्ये एक थेंब जरी दिसला, तर त्या कुत्र्याला लिफ्ट बंद!" आम्ही राहतो चौदाव्या मजल्यावर. बोंबीलला चालता येत नव्हतं. त्याला उचलून रोज चौदा मजले उतरणं-चढणं माझ्या गुडघ्यांना जमलं नसतं, आणि दवाखाना चुकला असता तर ते 'कदाचित' कायमचं गेलं असतं. म्हणून आम्ही सगळ्यांना सांगितलं, "पायाला लागलंय त्याच्या." बाकी गोष्टीबद्दल अळीमिळी गुपचिळी.

आता उपाय उरला डायपरचा. त्याच्या मापाचा कुत्र्यांचा डायपर कुठे मिळेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठ्या माणसांचा आणा, शेपटीसाठी भोक पाडा. मी मेडिकलमध्ये गेलो आणि शक्य तितक्या हळू म्हटलं, "मोठ्यांचे डायपर आहेत?"

"मोठ्यांचे डायपर!" दुकानदाराने आत आरोळी ठोकली. मग मला, "पेशंट लेडीज की जेंट्स?"

मी मागे पाहिलं. रांगेत कदमवहिनी! आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या. वहिनींना कळलं की तावडेंना कळलं, मध्ये लिफ्टलाही तेवढा वेळ लागत नाही. कुत्र्याचं नाव काढायची सोय नव्हती.

"जेंट्स," मी पुटपुटलो. "घरचेच आहेत."

दुकानदाराने माझ्या कमरेवर नजर टाकली. "मग लार्ज लागेल."

"नको नको, स्मॉल द्या!"

"अहो, दाबून बसेल!"

आमच्या घरात माणसं तीन. आई, सुषमा आणि मी. जेंट्स किती, हे मोजायला कदमवहिनींना बोटंसुद्धा लागली नसतील. औषध न घेताच त्या मागे फिरल्या.

संध्याकाळी त्या दारात हजर. हातात तांब्या.

"भावजी, लाजायचं नाही हं. वय होतं माणसाचं. हा गोखरूचा काढा. आमच्या ह्यांच्या मावसभावाला यानेच गुण आला."

"वहिनी, तुमचा काहीतरी गैरसमज..."

आतून सुषमाने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य तसंच सोडून तांब्या उचलला. मी काढा प्यालो. कदमवहिनी समोर बसून राहिल्या. आता, गोखरूचा काढा कशासाठी देतात हे मला माहीत नव्हतं. तो लघवी साफ व्हावी म्हणून देतात! थोड्या वेळाने मी जो उठलो, तो चप्पल, टीपॉय आणि आईचे पाय ओलांडत बाथरूमकडे पळालो.

"अरे देवा," कदमवहिनी हळहळल्या. "बरंच वाढलंय की!"

त्या गेल्यावर मी भडकलो. "सुषमा, हे अती होतंय. सगळ्या बिल्डिंगला वाटतंय की मी..."

"वाटू दे की! बोंबीलचं तुमच्या नावावर खपतंय ना? मग खपू द्या."

"आणि माझी इज्जत?"

"झिला," आई शांतपणे म्हणाली, "इज्जतीन चौदा माळे चढूक येनत नाय."

बोंबील कोपऱ्यात डायपर लावून पडला होता. शेपूट भोकातून बाहेर आलेलं, पण हलत नव्हतं. मी त्याच्याजवळ बसून डायपरची पट्टी नीट केली.

आणि मग तो दिवस उजाडला. दवाखान्यातून परतत होतो. बोंबील माझ्या दोन्ही हातांवर. लिफ्टमध्ये शिरल्यावर डायपरची पट्टी सुटली. खाली बघतो तर माझ्या बुटांभोवती तळं! पुसायला हात मोकळा नाही. आणि सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दार उघडलं. तावडे! पांढरा शुभ्र लेंगा-झब्बा, हातात हार-फुलांची पुडी.

तावडेंनी तळ्याकडे पाहिलं. बोंबीलकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

"परब! हे कोणी केलं?"

आयुष्यात मी शौर्य असं कधी गाजवलेलं नाही. शाळेच्या सहलीत गारंबीच्या वेलीलासुद्धा साप समजून पळालो होतो. पण त्या क्षणी बोंबीलने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"मी."

लिफ्टचं दार मिटायला आलं, तावडेंना लागलं, पुन्हा उघडलं. शीर खाली बसली. डोळे भरून आले त्यांचे! त्यांनी फुलं काढून खिशात कोंबली आणि पुडीचा कागद स्वतःच्या हाताने त्या तळ्यावर पसरला.

"वहिनी म्हणाल्या होत्या, पण मला खरं वाटलं नाही. अरे, एवढं होतंय आणि वर कुत्र्याला उचलून फिरतोस? माझ्या वडिलांचं असंच होतं रे. लाजू नकोस."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये माझ्यासाठी स्टूल आलं. त्यावर प्लास्टिक! सोसायटीच्या सत्यनारायणाला तळमजल्याच्या हॉलमध्ये माझ्यासाठी दाराजवळची जागा राखून ठेवली. प्रसाद दिला भरपूर, तीर्थ मात्र पळीचं टोक बुडवून.

त्या पूजेच्याच दिवसाची गोष्ट. बोंबीलला खाली आणून मी कंपाउंडमधल्या झाडाजवळ चटईवर ठेवलं होतं. सकाळपासून डायपर कोरडा होता, तो काढून ठेवला होता, आणि पिशवी रिकामी करायची वेळ झाली म्हणून मी वाकलो. तर बोंबीलने माझा हात नाकाने बाजूला सारला! पुढचे पाय रोवले. मागचा भाग थरथरत वर आला. एक पाऊल. दुसरं पाऊल. झाडाशी पोचला, हुंगलं, तंगडी वर करायला गेला आणि तोल जाऊन बुंध्यालाच टेकला. पण तसाच टेकून, ऐटीत, डोळे मिटून...

मी फोन काढला. "सुषमा! झाली! स्वतःहून झाली! उभ्याने! काय धार आहे, सुषमा, काय धार आहे!"

फोनवर ती रडायला लागली. मागून आई ओरडली, "सुरमई काढतंय गो!" मीही झाडाशी उभा राहून हमसून हमसून रडत होतो. आणि मागे टाळ्यांचा कडकडाट झाला.

वळून पाहिलं. हॉलच्या दारात अख्खी पूजा उठून उभी होती, आणि तिथून त्यांना दिसत होती ती फक्त झाडाशी उभी असलेली माझी पाठ. कदमवहिनी पदराने डोळे टिपत होत्या. "काढ्याचा गुण! मी म्हटलं नव्हतं?" तावडेंनी धावत येऊन मला मिठी मारली. (कमरेखालचं अंतर राखून.)

"अहो, मी नाही!" मी ओरडलो. "बोंबील! पहिल्यापासून बोंबीलच! डायपर त्याचे, लिफ्टमधलं त्याचं, सगळं त्याचं! माझं कधी काही नव्हतंच!"

तावडेंनी दुःखाने मान हलवली.

"परब, बरा झालास ना? मग आता मुक्या जनावरावर कशाला ढकलतोस?"

आज बोंबील थोडा लंगडतो, पण पळतो. तावडे रोज त्याला लिफ्टमध्ये गोंजारतात, "मालकासाठी काय काय ऐकून घेतलंस रे, बाबा!" म्हणतात. परवा त्याच लिफ्टमध्ये, ऐन गर्दीत, मला जोरात शिंक आली. सगळ्यांनी एकदम खाली बघून आपापले पाय मागे घेतले.

सगळ्यात आधी बोंबीलने.