तोंडाचा वास

दारूबंदीचे दिवस होते. देवगडहून आंब्याच्या पेट्या कोल्हापूरला नेणाऱ्या एका मालकाच्या कचेरीत मी कारकून होतो. मॅट्रिक झालो होतो, अक्षर चांगलं होतं, एवढंच माझं भांडवल.

एप्रिलमध्ये आमचा एक ट्रक फोंड्याच्या घाटात गटारात गेला. ड्रायव्हर म्हणाला, ब्रेक लागला नाही. मालक म्हणाले, तो प्यायला होता. त्याला काढून टाकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून नवा नियम आला. गाडी सुटण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरने माझ्या तोंडासमोर श्वास सोडायचा, मग अंगणात खडूने मारलेल्या रेघेवरून चालून दाखवायचं. मी वहीत ‘ठीक’ किंवा ‘संशय’ लिहायचं.

पहिल्या आठवड्यातच माणसं बदलली. मी आलो की बोलणं थांबायचं. कुणी लवंग चघळत आला की मला वाटायचं, काहीतरी लपवतोय. लवंग नसली तर वाटायचं, हा जास्त हुशार. मालकांचाही माझ्यावर विश्वास नव्हता. ते खिडकीआड उभे राहून मी किती जवळून वास घेतो ते बघत. एकदा तर त्यांनी मलाच श्वास सोडायला लावला.

ड्रायव्हरांत सगळ्यात जुना एक पन्नाशीचा माणूस होता. मी त्याला काका म्हणायचो. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यानेच त्यांना ट्रकमधून दवाखान्यात नेलं होतं. एका सकाळी तो समोर उभा राहिला आणि काजूच्या दारूचा वास आला. स्पष्ट आला. रेघेवरून तो सरळ चालला, पण वास होता. मी हळूच विचारलं, काका, काय झालं? त्याने खिडकीकडे पाहिलं.

“तुका वास इलो ना?” तो म्हणाला. “मगे लिव.”

मी ‘संशय’ लिहिलं. मालकांनी त्याला तिथल्या तिथे घरी पाठवलं आणि त्याची गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली.

दोन दिवसांनी तो दुसरा ड्रायव्हर परत आला, तो कपाळाला पट्टी बांधून. उतारावर ब्रेक लागेना म्हणून त्याने गाडी मुद्दाम दरडीवर घातली होती. त्याचा श्वास मीच तपासला होता. चहाचासुद्धा वास नव्हता. तेव्हा पहिल्यांदा माझा संशय ड्रायव्हरांवरून उठून मालकांवर गेला. गाड्या दुरुस्तीला न घालता माणसांची तोंडं तपासायची, हेच काम मी करत होतो की काय?

संध्याकाळी मी काकाच्या घरी गेलो. तो आतून बाहेर आलाच नाही. त्याची बायको ओट्यावर बसून सुकट निवडत होती. तिने सांगितलं, “तेंनी दाडेत दारवेचो कापूस धरलेलो. रातभर ठणकत होती.”

मग हे त्यांनी सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

“दारू खंयसून इली, ह्या इचारल्यार काय सांगतले? पोलीस माझ्या भावाच्या दारात इले असते.”

मी तिच्यावर विश्वास ठेवला. अर्धामुर्धा. त्या वहीने मला अशी सवय लावली होती.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना दाढेचं आणि ब्रेकचं, दोन्ही सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “तू वास घ्यायचास. कारणं शोधायची नाहीत.” त्या सकाळी गाड्यांच्या नंबरांसमोर मी लिहिलं: ‘ब्रेक संशय’. त्यांनी ते पान फाडलं, पण बहुधा ते पान चार लोकांना दिसल्यामुळे, पुढच्याच आठवड्यात कणकवलीहून मिस्त्री आला. चारपैकी तीन गाड्यांचे ब्रेक झिजलेले निघाले. श्वास तपासण्याचा नियम मात्र चालूच राहिला. माझ्या जागी दुसरा कारकून आला. पावसाळ्यानंतर मी मालवणच्या एका शाळेत कारकून म्हणून लागलो.

काकाला कुडाळला दुसऱ्या मालकाकडे काम मिळालं. नंतर कधी तो बाजारात भेटला की घरच्यांची चौकशी करायचा, पण बोलताना मान बाजूला वळवून, चार हात लांब उभा राहून. मीही कधी पुढे सरकलो नाही.