सासवांच्या जागी सुना

मुलांनो, परवा फोनवर मी इतकी भरभर बोलले की तुम्हाला काहीच कळलं नसेल. आता क्रमाने लिहिते.

यंदा गावातले दोन्ही बोअर चैत्रातच आटले. बहात्तरच्या दुष्काळात बायकांनी ओढ्यालगत खोदलेली विहीर पुढे पुराच्या गाळाने बुजली होती, ती उकरायचं ठरलं. पोकलेन एकाच दिवसासाठी मिळालं होतं. संध्याकाळी ते वडवणीला जाणार होतं. आणि विहीर नेमकी कुठे, हे कुणालाच सांगता येईना.

मला येतं, असं मला वाटलं. त्या वर्षी मी इथे नवी शिक्षिका होते. दुष्काळी कामावरच्या बायकांच्या लेकरांना सुकडी वाटायचे आणि रोजचं सगळं वहीत टिपायचे. वहीत होतं, 'लिंबापासून चाळीस पावलं.' मी ऐटीत पावलं मोजून दिली. दुपारपर्यंत दोन खड्डे झाले, दोन्ही कोरडे.

तेव्हा त्या विहिरीवर राबलेल्यांपैकी आज गावात उरलेली एकटी म्हातारी काठी टेकत आली. जन्मभर ऊस तोडलेली बाई. माझ्या वहीकडे बघून म्हणाली, "बाई, वही खरी हाय. पर ह्यो लिंब त्यो न्हाई. त्यो कवाच तोडला."

ती थेट काळ्या खडकापाशी जाऊन उभी राहिली. विहिरीतली माती हातोहात इथवर यायची आणि नवी नवरी म्हणून ती शेवटी, खडकामागे पाटी रिकामी करायला असायची. आपल्या शेजारी कोण, तिच्या शेजारी कोण, हे तिला घरागणिक पाठ होतं. तिने एकेका घरची सून हाक मारून सासूच्या जागी उभी केली. सकाळचं ऊन पाठीवर यायचं, म्हणून सगळ्यांची तोंडं मावळतीकडे. गाव सोडून गेलेल्या घरांच्या जागी शाळेतल्या मुली, आणि एका जागी मी. दोघींत अंतर पाटी देता येईल एवढंच. एक सून जरा ऐसपैस उभी राहिली, तर तिला ऐकवलं, "तुजी सासू बुटकी हुती. सरक अलीकडं." हसत हसत ती सरकली.

रांग लांबत ओढ्याकडे गेली. सर्वांत शेवटी तिने स्वतःची सून उभी केली. "हितं माजी सासू. तिच्या म्होरं हीर."

पोकलेनचा दात चौथ्याच खेपेला घडीव दगडावर खणखणला. मुलांनो, या वयात मी उडी मारली! सारखं घड्याळ बघणारा पोकलेनवाला आपण होऊन म्हणाला की तो थांबतो. दिवस मावळता मावळता तळाशी ओल दिसली, मग पाणी पाझरू लागलं.

रांग कुणीच मोडली नव्हती. पहिली कळशी हातोहात निघाली, माती गेली होती त्याच वाटेने. माझ्या हातातून गेली तेव्हा गार लागली. खडकापाशी म्हातारीने ओंजळ भरून पाहिली.

"गढूळ हाय," ती म्हणाली. "उद्या निवळंल."