खोड निकोप आहे

मीनल, राहुल — हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना ठाऊक होतं, पण आम्ही दोघांनी त्यावर कधी शब्द काढला नाही. मग आज का? परवा फोनवर मीनलने नोकरीतलं काही सांगता सांगता विचारलं, "आजी, तेल कंपनीची किंमत ठरवताना नफा धरावा की जमिनीतला साठा?" मी म्हटलं, मला काय कळतं त्यातलं. खोटं बोलले. मला तेव्हाही कळत होतं.

छप्पन साली राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपला पांढुर्णा-सौंसर भाग मध्य प्रदेशात राहिला, आणि आजोबांची बदली भोपाळला झाली. तिथे घर घ्यायचं होतं. हाताशी होते ते एका लहानशा तेल कंपनीचे शेअर. ते घेणार कोण? — सौंसरजवळच्या रामाकोना गावची कमल. आजोबांची धाकटी बहीण, विधवा. संत्र्याची बाग एकटीने सांभाळणं तिला जड जात होतं. ती विकून आमचे शेअर घ्यावेत, असं आजोबांनीच सुचवलं.

कंपनीचा इंग्रजी अहवाल मी वाचला होता. नफा भरघोस, लाभांशही. पण शेवटच्या पानावर होतं — तेलाच्या जुन्या विहिरी आटत आल्यात, नव्या सापडलेल्या नाहीत.

आपल्याकडे बाग घेणारा फळांना भुलत नाही. तो खोडाची साल पाहतो, डिंक सुटलाय का ते. तसलं झाड मरायच्या आधी फांद्या वाकेपर्यंत फळतं. म्हणूनच कमलने हसत विचारलं, "वयनी, फळ तं लय दिसून राहिलं तुह्या कंपनीले. खोड कसं हाये? तू इंग्रजी शिकलेली, तूच सांग."

आजोबा खिडकीबाहेर पाहत होते. मला काय करायचं होतं? अहवालाचं शेवटचं पान उघडून तिला वाचून दाखवायचं होतं — एवढंच. मी नफ्याच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "खोड निकोप आहे."

तिने बाग विकली. काही वर्षांनी लाभांश थांबला, मग कंपनीच बुडाली. कमल सौंसरला एका खोलीत लोकांचे कपडे शिवत राहिली. भेटली की तीच मला समजवायची, "तुले तरी काय माहीत होतं, वयनी?" प्रत्येक वेळी. तिच्या शेवटच्या आजारातही.

भोपाळचं घर अजून आहे. तुमचे वडील तिथेच वाढले. रामाकोन्याची बागही आहे, दुसऱ्यांची. मागच्या हिवाळ्यात गाडी थांबवून मी पाहून आले. तिथल्या विहिरीला अजून पाणी आहे.