मिस कॉलसाठी मुळगावपर्यंत

शेवंतीबरोबर केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मिस कॉल. मी कोरगावच्या डोंगरावर काजूत होतो, बायको खाली घरात. मी एक रिंग देऊन कापली. म्हणजे पेज ठेव. थोड्या वेळाने तिची एक रिंग आली नि कापली. म्हणजे झाली, या. मी बोंडूंची (काजूच्या फळांची) पांटली (टोपली) डोक्यावर घेऊन उतरलो. खारातल्या तोरांबरोबर (मिठातल्या कच्च्या कैऱ्या) दोघांनी पेज खाल्ली आणि अंगणात बसून बोंडूंपासून बिया पिळून वेगळ्या करायला लागलो.

ती म्हणाली, "तुमच्या बियांक बोंडू चिकटून रवता."

मी म्हटलं, "तुझ्यापण."

एवढंच बोलणं झालं. दुपारी तिला बरं वाटेना आणि दिवस बुडायच्या आत ती नव्हती. असं होणार हे ठाऊक असतं तर मी बियांवरून भांडलो नसतो. नाहीतर भांडलोही असतो, कारण तिच्याच जास्त चिकटत होत्या.

आमच्या वाचनालयाच्या अंकात दरवर्षी कोणीतरी काशीला नाहीतर काश्मीरला जाऊन आल्याचं लिहितो. मी मुळगावला जाऊन आलो. तीन बस लागतात.

जायचं कारण असं. शेवंती गेल्यावर तिचा फोन मी चुलीवरच्या फळीवर ठेवला. चार्ज करतो, रिचार्ज करतो. सकाळी काजूत गेलो की त्याला एक रिंग देऊन कापतो. पेज मीच आधी करून ठेवलेली असते. शहाणपणाचं काम नाही हे मलाही कळतं. पण रिंग दिल्याशिवाय डोंगरावरून उतरायला पाय उचलत नाही.

एके दिवशी तिच्या फोनवर मेसेज आला. मी मराठी तिसरी शिकलेला माणूस, मेसेज होता इंग्रजीत. पोस्टमनने वाचून दाखवला. सरकारने फोन कंपन्यांना नवीन नियम घातले आहेत, प्रत्येक नंबराचा मालक खरा आहे का ते पुन्हा बघायचं. मालकाने येऊन तोंड दाखवावं, नाहीतर नंबर बंद.

"मालक जितो (जिवंत) हवो मगे?" मी विचारलं.

"तोंड दाखवपाक म्हटल्यार जितोच हवो," पोस्टमन म्हणाला.

मी तिच्या मृत्यूचा दाखला शोधला, मुळगावला मुलीकडे जाणं झालंच तर म्हणून जावयासाठी बाटलीभर उर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) पाण्याच्या बाटलीत ओतून घेतला, दोन्ही फोन खिशात घातले आणि सकाळची हरमलची बस धरली.

हरमलला जायचं कारण म्हणजे दोन्ही सिमकार्डं तिथेच घेतली होती. तेव्हा गजा नावाचा माणूस समुद्राच्या वाटेवर टेबल टाकून सिम विकायचा. आता टेबलाच्या जागी स्कूटरची रांग आहे. एक गोरा माणूस फक्त चड्डीवर स्कूटरवर बसून ती पुढे जाते की मागे ते बघत होता. ती मागे गेली. गजाने धावत जाऊन आधी स्कूटर धरली, मग माणूस.

"काका, खंय वाट चुकलास?" गजाने मला विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्याने हात जोडले. "सिम विकप सोडलां मी. आता विकणाऱ्याकच नोंदणी करूक लागता, त्याचेच कागद, त्याचेच फोटो. सिम घेतल्यापेक्षा सिम विकप कठीण. स्कूटर बरी. ती पडली तर दिसता तरी."

"मग जाऊ खंय?"

"तुझी चेडू (मुलगी) मुळगावाक ना? तिका घेऊन डिचोलीच्या मोठ्या सेंटरात जा." मग तो फोनांकडे बघून हसला. "दोगांनी एकाच दिसा घेतलेले. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. काकी म्हणाली, वेगळो रंग दाखय. तू म्हणालास, फोन काय लुगडां?"

हे मी म्हटलं असणार. माझ्यासारखंच आहे.

त्याने मला हॉटेलात बसवून पातळभाजी आणि उंडो (कडक कवचाचा गोल पाव) खायला घातला. खाताना सांगितलं की आता कंपन्यांना इंटरनेट नसलेला, नुसत्या बोलण्याचा रिचार्जही ठेवावा लागतो, म्हाताऱ्यांच्या सोयीचा.

"मी बोलत पण नाय," मी म्हटलं. "नुसत्या मिस कॉलाचो असलो तर बघ."

हरमलहून म्हापशाच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन मला डुलकी लागली. कोलवाळचा पूल गेला तेव्हा जाग आली ती कंडक्टरच्या हाकेने.

"पात्राव (मालक), बसीत भट्टी कोणी लावली?"

बाटलीचं झाकण सुटलं होतं. पिशवी ओली, धोतर ओलं. माझ्या बाजूची बाई खिडकीच्या बाहेर जाता येईल तेवढी गेली होती. मागच्या सीटवरचा एकजण मात्र पुढे येऊन बसला आणि म्हापसा येईपर्यंत माझ्याशी फार प्रेमाने बोलला. मी दाखला काढून बघितला. अक्षरं शाबूत होती, पण कागदाने पोटभर प्यायली होती. शेवंतीने आयुष्यात उर्राकाचा थेंब तोंडाला लावला नाही. बोंडू मळायचे दिवस आले की पदर नाकाला धरायची. तिचाच दाखला असा घमघमत मी म्हापशाच्या स्टँडवर उन्हात धरून उभा राहिलो, वाळायला. दोघांनी येऊन विचारलं, कसले फॉर्म मिळतात म्हणून.

डिचोलीच्या बसने मुळगावला उतरलो. तिथल्या झाडांच्या पानांवर अजून खाणीची लाल धूळ बसलेली असते. आमच्याकडे पान पुसलं तर हिरवं निघतं, तिथे पुसलं तर बोट लाल होतं. पण आंबे गोड आहेत. माझी मुलगी सुलू दारातच उभी होती. मला बघून तिने आधी वास घेतला.

"पपा, भर दुपारी?"

"प्यायलो नाय. न्हालो."

तिने जावयाचा लेंगा दिला. जेवायला उकड्या तांदळाचा भात, सुंगटांचं (कोळंबीचं) हुमण (कालवण) आणि सोलकढी होती. हुमण आईसारखंच झालं होतं, मीठ कमी एवढंच. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "आई गेल्यार तरी बरां म्हणा." मग तिने विचारलं, आईचा नंबर कशाला हवा? मी म्हटलं, गॅसच्या सिलिंडरसाठी. तिने माझ्याकडे बघितलं. आमच्या घरचा गॅस माझ्या नंबरवर आहे हे तिनेच करून दिलेलं, ते मी विसरलो होतो. तिने स्कूटरची चावी घेतली.

डिचोलीच्या सेंटरात थंडी होती. काउंटरवर सुलूपेक्षा लहान एक मुलगी बसली होती. मी दाखला पुढे ठेवला. तिने तो हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि हळूच लांब ठेवला.

"आजोबा, कोण वारलं?"

"माझी बायल. हा तिचा नंबर. बंद करू नका, एवढंच सांगायला आलोय."

तिने नंबर मशीनमध्ये घातला. बघितलं, मला माझं नाव विचारलं, परत बघितलं.

"हा नंबर तुमच्याच नावावर आहे, आजोबा."

"ना. हा तिचा."

"फोटोपण तुमचाच आहे." तिने पडदा माझ्याकडे फिरवला. खरंच मी होतो, केस होते तेव्हाचा. मग तिने माझ्या खिशातल्या फोनचा नंबर विचारला. तो घातला. पडद्यावर शेवंती आली. पदर डोक्यावर, फोटो काढणाऱ्यावर विश्वास नसल्यासारखी.

मग आठवलं. फोन घेतले त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही कोयता, कुदळ, सुपारीचा अडकित्ता पाटावर मांडला, तेव्हा तिने दोन्ही फोनही मांडले. हळद-कुंकू लावलं, फूल ठेवलं. दसऱ्याला आवरताना मी एक उचलला, तिने एक उचलला. अदलाबदल झाली ती कळली तिच्या बहिणीमुळे. तिचा फोन डोंगरावर मला आला आणि मी हॅलो म्हणायच्या आत ती म्हणाली, "आसा मगे तुझो वागोबा घरात?" मी म्हटलं, "वागोबा बोलता." घरी येऊन मी शेवंतीला फोन बदलायला सांगितलं. तिने साफ नाही म्हटलं. पाटावरून देवाने ज्याच्या हातात जो दिला तो त्याचा. परत बदलला तर पूजा फुकट. मग आम्ही सगळ्यांना नंबर उलटे करून सांगितले आणि विसरून गेलो.

हे मी काउंटरवर सांगितलं. सुलू हसायला लागली. ती मुलगीही हसली, मागच्या रांगेतला माणूसही. मीही हसलो असतो, पण मला वेगळंच दिसत होतं. इतकी वर्षं मी जे काही बोललो ते तिच्या नावावर बोललो होतो. बँकेत, गॅसवाल्याशी, काजूच्या व्यापाऱ्याला शिव्या देताना. सगळं तिच्या नावावर.

"म्हणजे तिचा नंबर चालू राहणार?"

"तुम्ही तोंड दाखवा की झालं. बंद व्हायचा तो तुमचा. त्याचा मालक वारलाय."

आधी अंगठा मागितला. मशीनने घेतला नाही. दहाही बोटं झाली. काजूच्या बियांच्या तेलाने आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. मग कॅमेरा. "डोळे मिटा, उघडा." मी मिटले, उघडले. "परत. घट्ट नको, सावकाश." परत. "आजोबा, रागाने बघू नका." मी रागाने बघत नव्हतो, तोंडच तसं आहे. पाचव्या वेळी मशीनला पटलं की मी आहे.

मग माझा नंबर. मी म्हटलं, तो तिच्याच नावावर राहू दे, काय बिघडतं? मुलगी म्हणाली, आता चालत नाही, मेलेल्या माणसाच्या नावावर नंबर ठेवला तर कंपनीला जाब विचारतात. बंद करून नवीन घ्या, नाहीतर कागद द्या, मुलीची सही द्या, तुमच्या नावावर करते.

"नवीन घ्या पपा," सुलू म्हणाली. "कित्याक तो कागदांचो घोळ?"

"नवीन नंबर तिच्या फोनात नाही," मी म्हटलं.

"मगे?"

"मगे तिच्या फोनावर माझं नाव येणार नाय."

हे तोंडातून गेलं खरं. मग सगळंच सांगावं लागलं, पेज, रिंग, फळीवरचा फोन. रांगेतला माणूस भिंतीवरची जाहिरात वाचायला लागला. सुलूने पेन घेऊन सही केली, खाली आपलं नाव स्पष्ट अक्षरांत लिहिलं आणि दाखला पुढे सरकवताना मुलीला म्हणाली, "वासाबद्दल माफ कर. आई अशी नव्हती."

माझा नंबर आता रात्रभर बंद राहील, सकाळी आपोआप चालू होईल, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. नाही झाला तर परत या. परत यायचं म्हणजे परत तीन बस.

सुलूने म्हापशापर्यंत सोडलं. पिशवीत आंबे घातले, बाटली धुऊन दिली. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "पपा, पेजेत मीठ घाला. तुम्ही विसरता." मी म्हटलं, हुमणात तू विसरलीस. बस सुटली.

इतका प्रवास करून मी एवढंच शिकलो की सरकारला माणूस मेला की जिवंत हे नीट कळायला हवं असतं. ते बरोबरच आहे. मला तेवढं नीट कळत नाही, आणि ते कुठल्या नियमात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेज करून, मीठ घालून, मी काजूत गेलो. पांटली भरली तरी फोनवर रेघा नव्हत्या. बोंडूंजवळ बसून राहिलो. उन्हं झाडांच्या खाली आली तेव्हा फोन थरथरला, एक रेघ आली, मग तीन. मी तिला रिंग दिली. एक झाली. रोज तिथे कापतो. त्या दिवशी कापली नाही. वाजू दिली. दोन, तीन, चार, शेवटपर्यंत. मग मशीनमधली बाई म्हणाली की आपण फोन केलेली व्यक्ती उत्तर देत नाही.

"माका म्हायत आसा," मी तिला म्हटलं, आणि पांटली उचलून पेज जेवायला उतरलो.