दाराबाहेर काढलेल्या चपला

वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही. नात्यातलं एखादं लग्न मुंबईच्या मोठ्या हॉटेलात असलं की मी जात नाही. सुना लोकांना सांगतात, आईंचे गुडघे धरलेत. गुडघ्यांना काही धाड भरलेली नाही. मला तसल्या गुळगुळीत फरशीवर पाय ठेवायचा नाही, बस.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, तेव्हाची ही गोष्ट. बोईसर स्टेशनापासून आमच्या किनाऱ्यापर्यंत दिवसभर ट्रक धूळ उडवत जायचे. आमचं घर मासेमारीचं. बाबांची होडी होती. आई सुकी मासळी घेऊन पालघरच्या बाजारात बसायची. मी घरातली पहिली मॅट्रिक, आणि मला नर्स व्हायचं होतं. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई दोन दिवस अडली होती आणि गावात शिकलेला एक हात नव्हता. आई वाचली, भाऊ गेला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि दाराआडून सगळं ऐकत होते. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

मुंबईच्या एका इस्पितळातून नर्सिंगच्या मुलाखतीचं पत्र आलं. सकाळी नऊ वाजता हजर राहावे. आईनं पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "या खेपेला नंबर लागला तर जा. नाय लागला तर होळीनंतर लगीन. मंग रडायचं नाय." मी कबूल केलं. नंबर लागणारच, अशी माझी खात्री होती.

अडचण एकच होती. बोईसरहून सकाळची गाडी धरली तर नऊला पोचणं शक्य नव्हतं, म्हणजे आदल्या दिवशी जाऊन राहायला हवं. मुंबईत आत्या होती, बाबांची सख्खी बहीण. तिनं निरोप पाठवला, "पोरीला परक्या बाप्यांची अंगं पुसायला धाडतोस, तर माज्या दारात येव नको." बाबांनी निरोप आणणाऱ्या माणसाला चहा पाजला, वाटेला लावलं आणि मग मला म्हणाले, "आपण हाटेलात ऱ्हाऊ."

बाबांना मुंबईतलं एकच हॉटेल ठाऊक होतं. आमच्या बंदरातून दलालाचा ट्रक मासळी घेऊन जायचा आणि निवडक पापलेटांच्या पेट्यांवर त्या हॉटेलाचं नाव रंगवलेलं असायचं. समुद्रासमोरचं, मोठमोठ्या लोकांचं हॉटेल. "माजा पापलेट तिथं जातो, तर मी का नाय?" असं ते हसत म्हणाले. पण त्यांना थट्टा करायची नव्हती, हे मला कळत होतं. बहिणीनं दार लावलं होतं ना, मग ते सगळ्यात मोठ्या दारातून जाणार होते. आमच्या घराण्यातला ताठा आहे तो, माझ्यातही उतरलाय.

शाळेतल्या बाईंकडून मी इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. आगाऊ पैसे मनिऑर्डरनं गेले. पंधरा दिवसांनी जाड, गुळगुळीत कार्ड आलं. त्यावर बाबांचं नाव टाइप केलेलं होतं, पुढे मिस्टर लावून. बाबांनी ते कार्ड देवाच्या फळीवर ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवत होते, आणि मी डिक्शनरी घेऊन त्याचा अर्थ सांगत होते.

बाईंनी मला आणखी एक गोष्ट बजावली होती. मुलाखत घेणारी माणसं आधी पाय बघतात म्हणे. तोवर मी अनवाणीच वाढलेली, फार तर शाळेत रबरी चपला. आईनं पालघरहून मला काळे, पट्ट्याचे सँडल आणून दिले. तिनं ते कसे घेतले, कुणाच्या हातापाया पडून घेतले, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आम्ही दुपारी त्या हॉटेलात पोचलो. दारातल्या फेटेवाल्यानं बाबांना पाहिलं आणि बोटानं बाजूची गल्ली दाखवली. मासळी घेऊन आलोत असं वाटलं त्याला. बाबांनी कार्ड पुढं केलं, तेव्हा कुठे त्यानं दार सोडलं. आतला काउंटरवरचा माणूस कार्ड बघून अदबीनं म्हणाला, "तुमचे साहेब मागून येतायत का?"

"कंचे साहेब?" बाबा म्हणाले.

"ज्यांच्या नावानं खोली आहे ते."

"तो मीच हाय."

त्या माणसानं कार्ड पाहिलं, बाबांचा लेंगा पाहिला, टोपी पाहिली, टायरच्या चपला पाहिल्या, माझ्या हातातली भाकरीची फडकी पाहिली. मग आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. बसा म्हणाला नाही. आमच्या मागून एक गोरं जोडपं आलं, त्यांना खोली मिळाली, ते वरही गेले. आम्ही उभेच. माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या, आणि बाबा माझ्या कानाशी पुटपुटत होते, "मोठं हाटेल हाय, टाइम लागतो." शेवटी कार्ड ठेवून घेतलं, एक पावती दिली आणि किल्ली सरकवली. पावती बाबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांबलचक गल्लीसारखा पॅसेज, त्यावर लाल जाजम. आमच्या समोरच्या दाराबाहेर बुटांचा एक जोड नीट मांडून ठेवलेला होता. त्याच्या पलीकडच्या दाराबाहेर बाईचे उंच टाचांचे बूट. ते बघून बाबांचा चेहरा उजळला. दुपारपासून ते पहिल्यांदाच मोकळं हसले. "बघ," म्हणाले, "हितली मान्सं पन आपल्यासारखीच. पायतान भाईर काडतात."

आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी पायताण आत नेणं म्हणजे त्या घराचा अपमान. मयताला गेलो तरी बाहेर, लग्नाला गेलो तरी बाहेर. बाबांनी आपल्या टायरच्या चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर भिंतीला लावून ठेवल्या. मी सँडल हातात घेऊन आत निघाले होते. ते म्हणाले, "ते पन भाईर ठेव. जाजम बघ कसं सोच्छ हाय. परक्याचं घर हाय बाय." मी ठेवले. त्यांच्या चपलांना टेकूनच ठेवले.

खोलीत आम्ही फारसं काही केलं नाही. पलंगावर बसलो की बुडायला व्हायचं, म्हणून खाली बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. जेवणाचं छापील कार्ड होतं, त्यातलं पापलेटाचं नाव मी बाबांना वाचून दाखवलं. ते खूश झाले. मी मुलाखतीची उत्तरं घोकत झोपून गेले.

सकाळी आवरून सात वाजता दार उघडलं. समोरच्या दाराबाहेरचे बूट आरशासारखे चकाकत होते. बाईचे बूटही पुसून ठेवलेले. आमच्या दाराबाहेर काही नव्हतं.

आधी वाटलं, आमचेही पुसायला नेले असतील. पॅसेजमध्ये फडकं घेऊन एक नोकर उभा होता, त्याला विचारलं. तो हिंदीत म्हणाला, फाटक्या चपला आणि सँडल असं काहीतरी पडलं होतं, वास येत होता, कचऱ्यात गेलं. कुणाचं होतं? मी म्हटलं, आमचं. तो म्हणाला, इथं बूट ठेवायचे ते पॉलिशसाठी, कोणी टाकून दिलेलं समजून उचललं. कचऱ्याची गाडी पहाटेच गेली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवेकोरे सँडल. एकदाच घातलेले. त्यांना वास येत होता म्हणे. यांच्या ताटात पापलेट पडला की त्याचा वास येत नाही, आणि तो पकडणाऱ्याच्या चपलेचा येतो. मी तशीच अनवाणी खाली काउंटरपाशी गेले. कालचाच माणूस होता. मी जे सुचेल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "तक्रार लिहून द्या, मॅनेजर दहाला येतात." मी म्हटलं, नऊला माझी मुलाखत आहे. तो म्हणाला, "मग चपला बाहेर का ठेवल्यात?"

मागून बाबा आले होते. त्यांनी काय करावं? त्यांनी त्या माणसापुढे हात जोडले. "चूक माजी हाय साहेब. मीच पोरीला सांगलं भाईर ठेव. आमाला हितली रीत ठावी नाय."

आजूबाजूची सुटाबुटातली माणसं वळून बघत होती. एका बाईनं तोंडावर रुमाल धरला, हसू दाबायला. आणि मी, जी त्या काउंटरवाल्याचा गळा धरायला निघाले होते, ती बाबांकडे वळले. "तुमी गप बसा," मी ओरडले. "तुमाला काय कळतं? कुटं पन हात जोडायचे. तुमच्यामुळं गेलं माजं सगळं."

बाबांनी हात खाली घेतले.

इस्पितळापर्यंत आम्ही चालत गेलो. ते माझ्या चार पावलं मागून येत होते. फाटकाशी मी त्यांना म्हटलं, "तुमी आत येव नका. हितंच थांबा." बाकीच्या मुलींचे वडील आत बाकांवर बसले होते. मी पाहिलं होतं ते. तरी म्हटलं.

मुलाखतीला तिघं होते. एक मेट्रनबाई, एक डॉक्टर आणि लिहून घेणारे एक गृहस्थ. उत्तरं मी चांगली दिली. ताप किती असतो, जखम कशी धुवायची, सगळं. आईच्या बाळंतपणाचं सांगितलं तेव्हा मेट्रनबाईंनी मान हलवली. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. "पायात काही नाही तुझ्या?"

मी खरं ते सांगितलं. हॉटेलाचं नाव घेतलं तसं डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तिथं कोण कामाला आहे तुझं?"

"कोणी नाही. आम्ही राहायला होतो. खोली घेऊन."

ते लिहिणाऱ्या गृहस्थांकडे बघून हसले. मेट्रनबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अनवाणी आलीस त्याचं काही नाही गं. गरिबी म्हणजे गुन्हा नाही. पण खोटं कशाला बोलावं? उद्या औषध दिलं नसताना दिलं म्हणशील."

मी म्हटलं, पावती आहे, बाबांकडे, फाटकावर. डॉक्टर म्हणाले, "आण मग."

मी पळत गेले. फाटकावर बाबा नव्हते. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, पहारेकऱ्याला विचारलं, हाका मारल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते समोरून लगबगीनं येताना दिसले. हातात रबरी स्लिपरांचा जोड होता, फुटपाथवरून घेतलेला, माझ्या पायाला दोन बोटं मोठा. त्यांचे स्वतःचे पाय तसेच उघडे. "घाल, घाल," ते दुरूनच म्हणाले, "अजून टाइम हाय ना?"

पावती घेऊन मी परत गेले तेव्हा आत दुसरी मुलगी होती. शिपायानं दार अडवलं. तिच्यानंतर तिसरी गेली. दुपारी यादी लागली. यादीत माझं नाव नव्हतं. पावती माझ्या मुठीत घामानं भिजली होती, आणि ती बघायला कोणाला सवड नव्हती.

गाडीत बाबांनी स्लिपर मांडीवर धरून ठेवले होते. मी घातले नाहीत. पालघर गेलं, बोईसर आलं. घरी आईनं दारातच विचारलं, काय झालं. बाबाच बोलले. "माज्यामुळं ऱ्हायलं तिचं."

मी तिथंच उभी होते. हॉटेलवाल्यांनी कचरा समजून टाकलं, त्या तिघांनी खोटारडी समजून टाकलं, आणि बाबांना फाटकाबाहेर ठेवलं ते मी. ते माझ्याबरोबर बाकावर बसले असते तर पावती तिथल्या तिथे निघाली असती. हे मला गाडीत, केळव्याच्या आसपास, लख्ख कळलं होतं. पण मी इतकी संतापलेली होते की कोणाचा तरी दोष असायलाच हवा होता. हॉटेल लांब होतं आणि बाबा जवळ होते.

होळीनंतर माझं लग्न झालं. सासर वाईट नव्हतं.

दोन वर्षांनी पहिल्या बाळंतपणाला मला पालघरच्या दवाखान्यात ठेवलं. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा भेटायला आले. ते दारात दिसले तसे मी डोळे मिटून घेतले. नर्स माझी नाडी बघत होती, आणि बाबा तिला हळू आवाजात सांगत होते, "माजी पोरगी पन तुमच्यावानीच झाली असती बाय. हुशार होती. माज्यामुळं ऱ्हायली." नर्स म्हणाली, असं कसं बाबा? मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. चपला बाहेर काढायला आपणच सांगितलं ते, हात जोडले ते, फाटकावरून हललो ते. मी काय ओरडले, आणि त्यांना आत का येऊ दिलं नाही, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी डोळे उघडले नाहीत. मी जागी आहे, हे त्यांना माहीत होतं.